तरणतलावाची ओटी

कळंबच्या चंद्राबाई विहीणबाईंना सुनंदाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडं आमचं सगळ्यांचं बरं चाललंय, तुमचंही तसंच असेल असं धरून लिहिते. तुमची दुखरी दाढ काढली का अजून तशीच चघळताय? नवनाथ म्हणत होता की आई डॉक्टरला घाबरत नाय, डॉक्टरच आईला घाबरतो. जावईबापू तुमच्या बाजूनं बोलणारच, तरी एकदा दाखवून घ्या. रूपालीला सांगा की आईला फोन करायला बोटं झिजत नायत. आणि तुमची म्हैस दूध देते का नुसती खाते, तेही कळवा.

मी फोन का केला नाय असं तुमी म्हणाल. फोनवर तुमी बोलता आणि मी ऐकते, आणि ह्या वेळी सांगायचं माझ्याकडं हाय. शिवाय चौथीपर्यंत शिकले, ती अक्षरं मरायच्या आधी कुठं तरी खर्ची घातली पायजेत.

तर मी आता समितीत हाय. आमच्या नगरपरिषदेची उद्यान, मैदान आणि करमणूक सल्लागार समिती (हे नाव मी पाठ केलंय, पण एका दमात अजून होत नाय). झालं असं की आमच्या इकडं नवी बाग केली, त्यात बाक बसवले, आणि सगळे बाक भिंतीकडं तोंड करून. माणूस बसला की समोर कंपाउंडची भिंत, शाळेत शिक्षा केल्यासारखी. मी कचेरीत जाऊन विचारलं की असं कुणाच्या डोक्यात आलं. तिथला साहेब हसून म्हणाला, आजी, तुमच्यासारखी माणसं समितीत हवीत. (मला दाराबाहेर काढायला तो तसं म्हणाला, एवढं मला कळलं. पण मी बाहेर जायच्या ऐवजी आत गेले.)

समितीचे अध्यक्ष दत्तोपंत. जुने हेडमास्तर, कित्येक पिढ्या इथंच राहिलेलं घर, माणूस अजून घंटा झाल्यासारखा उठतो आणि बसतो. दुसऱ्या मालतीबाई, गाणं शिकवतात, बोलतात इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागतं, आणि वाकलं की त्यांचंच खरं करून घेतात. तिसरी मी. बाकीचे चारपाच पुरुष हायत, ते चहा पितात आणि दत्तोपंतांचा हात वर गेला की आपला वर करतात. खुर्च्या गोल फिरतात. पहिल्या दिवशी मी एकदा फिरून बघितलं.

तिथं मी बाकांचं सांगितलं. विहीणबाई, पुढच्या बैठकीच्या आत बाक फिरले. मी घरात बोलले, दारात बोलले, नवऱ्याला तर जन्मभर बोलले, कधी तांब्या जागचा हलला नाय. आणि इथं चहा पिता पिता एक वाक्य काय बोलले, लोखंडाचे बाक जमिनीतून उपटून वळवले. मी जाऊन एकेकाला हात लावून आले. मंग एकावर बसले. समोर डोंगर होता. डोंगर काय आधीपासून तिथंच हाय, पण माझ्या सांगण्यावरून माणसांना दाखवलेला तो पहिलाच. मला चहा जास्त झाल्यासारखं छातीत धडधडत होतं.

त्यानंतर तरणतलाव आला. मैदानाच्या मागं बांधलाय, पोहायचा. आपल्याकडं पाण्याचं कौतुक ते काय, पावसाळ्यात घरात शिरतं, रस्ता नेतं, आणि रंग सगळा चहाचा. पण हे पाणी निळं होतं, आणि गप्प. तळाची फरशी दिसत होती, फरशीवर माझी सावली दिसत होती. मी काठावर उभी राहिले आणि चपला कधी काढल्या ते मला कळलं नाय. तिथं किशोर म्हणून जीवरक्षक हाय, दोन लेकरांचा बाप, गळ्यात शिट्टी. तो म्हणाला, मावशी, खाली यंत्र हाय, सगळं पाणी त्यातून गाळून परत येतं. म्हटलं, बरं हाय बाबा, आमची सून चहासुद्धा गाळत नाय.

दुपारची एक वेळ बायकांसाठी ठेवावी, असं मालतीबाईंनी हळूच काढलं. आता कपड्यांचा वाद. दत्तोपंत म्हणाले पोहण्याचा पोशाख आणि टोपी. मी म्हटलं, आमच्या बायका कासोटा घालून नदीत उतरत आल्यात, नदीनं कधी तक्रार केली नाय. ते म्हणाले, नदीला यंत्र नसतं, साडीचा धागा सुटला तर यंत्र बंद पडेल. हे मला पटलं (पटलं असं मी बोलून दाखवलं नाय). शेवटी काळी घट्ट विजार आणि लांब बाह्यांचा बनियन, असं ठरलं. मी ते आणायला शिळफाट्याच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, आजी, कुणाच्या मापाचं देऊ? म्हटलं, समितीच्या.

पहिल्या दिवशी बायका आल्या. आमची पदू आली, भाजीवाली, जिचा आवाज स्टेशनापासून बाजारापर्यंत एकटाच फिरून येतो. डोंगराकडच्या वाडीतली सोमी आली, ती बागेत कामाला असते. आणखी पुष्कळ आल्या. आणि विहीणबाई, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकीच्या पिशवीत ओटी. नवं पाणी हाय, पहिल्यांदा उतरायचं, मोकळ्या हातानं कसं उतरणार? तांदूळ, हळद, कुंकू, फुलं. पदूनं नारळ आणला होता. मी मालतीबाईंकडं बघितलं, म्हटलं आता ह्या आमाला नियम सांगतील. त्यांनी पर्स उघडली आणि आतून हळदीकुंकवाची पुडी काढली. मंग काय, आमी रांगेनं तलावाची ओटी भरली. माझा मान पहिला, समितीची म्हणून.

मंग बायका पाण्यात उतरल्या. आधी किंचाळणं, शिव्या, हसणं, एकमेकींच्या विजारींना नावं ठेवणं. पदू म्हणाली, सोमे, तू तर कावळ्यासारखी दिसतेस. सोमी म्हणाली, आणि तू म्हशीसारखी, पण म्हैस पोहते तरी. आणि तेवढ्यात पदू पाठीवर आडवी झाली आणि तरंगली. आपोआप. एवढं मोठं शरीर, पाण्यानं तळहातावर घेतल्यासारखं. आणि पदू गप्प. मी तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते, झोपेतही ती भाव सांगते. मला वाटलं गेली की काय. काठावरून वाकून हाक मारली तर डोळे उघडून म्हणाली, "सुनंदे, कान पाण्यात गेले की कुणाचीच हाक ऐकू येत नाय गं." आणि परत डोळे मिटले. मंग एकेक करून सगळ्या काठाला धरून कान पाण्यात घालून बघायला लागल्या. एवढ्या बायका आणि आवाज नाय. मी देवळात पण अशी शांतता बघितली नाय, तिथं निदान चपलांची काळजी असते.

संध्याकाळी पुरुष आले तर पाणी पिवळं. यंत्रानं घरघर केली, मंग खोकलं, मंग थांबलं. किशोर खाली जाऊन मूठभर फुगलेले तांदूळ घेऊन वर आला. म्हणाला, मावशी, अजून थोडा वेळ गेला असता तर नुसतं वरण टाकायचं राहिलं असतं.

पण तांदळाचं निभावलं, खरी पंचाईत नारळाची. नदी नारळ घेऊन जाते, पुढं त्याचं काय होतं ते आपण बघत नाय. हे पाणी बांधलेलं. त्याला नारळ नेता येईना आणि आमाला काढता येईना, दिलेलं परत कसं घेणार? किशोरला सांगितलं तर तो म्हणाला, बुडता माणूस काढीन, हा नाय काढणार. यंत्र दुरुस्त करणारा आला, त्यानं यंत्र सुरू केलं, नारळाला नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठमोठे अंगापिंडाचे पुरुष नारळाला वळसा घालून पोहत होते. नारळ आला की थांबायचे, त्याला आधी जाऊ द्यायचे. दत्तोपंत आमाला झापायला म्हणून ताडताड आले, नारळ बघितला, थांबले, बूट काढले, मोजे काढले, आणि मंग अनवाणी उभं राहून आमाला झापलं. शेवटी तेच म्हणाले की आता हा प्रसाद समजावा. पानं काढायची जाळी घेऊन त्यांनी स्वतः नारळ काढला, फोडला, समितीनं खाल्ला. खोबरं गोड निघालं. झापण्यात त्यांनी काही कमी केलं नाय.

मला वाटलं संपलं. पण बैठकीत ते म्हणाले की बायकांची वेळ बंद. मी भांडायला उठले, तांदूळ परत पडणार नायत असं सांगितलं. ते म्हणाले, "सुनंदाबाई, तांदळाचं नाही. तुमच्या वेळेला किशोर बाहेर असतो. काठावर मालतीबाई शिट्टी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना पोहता येत नाही. शिट्टीनं बुडणारी बाई वर येत नाही." विहीणबाई, माणूस खरं बोलत होता. मालतीबाई हातातल्या शिट्टीकडं बघत बसल्या. पोहणारी बाई मिळत नाय तोवर बंद, आणि सोमवारपर्यंत मिळाली नाय तर ती वेळ क्रिकेटवाल्या पोरांना, त्यांचा अर्ज आलेलाच होता. सगळे हात वर जायला लागले. मला पदूचे मिटलेले डोळे दिसले. मी म्हटलं, हात खाली करा, सोमवारी बाई आणते. दत्तोपंतांनी विचारलं, पट्टीची पोहणारी? म्हटलं, तलाव आडवा नाय, उभा पार करून दाखवील, आणि मंग तुमालाच झापेल.

हात खाली आले. त्याच खुर्चीवर मी बसून होते, पण ह्या वेळी फिरवली नाय. मी बोलले की होतं, हे मला आता कळलंय, त्यामुळं बोलायची भीती वाटायला लागलीय. एवढंच कळवायचं होतं. घरातल्यांना आशीर्वाद, म्हशीला पाठीवर थाप, चुकलंमाकलं तुमच्या पदरात.

तुमची विहीण,
सुनंदा

ता. क. कडवे वाल निघाले असतील तर थोडे ठेवा. पाठवू नका, कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबरच द्या.

ता. क. दुसरं. येणार कोण, तर तुमीच. रूपालीच्या लग्नात कळंबच्या विहिरीत पितळी घागर पडली आणि तुमी सगळ्या वऱ्हाडादेखत पदर खोचून उडी मारलीत, तेव्हा वरमाईला हे शोभत नाय असं मी चार बायकांत बोलले. ते तुमच्या कानावर गेलं, तेव्हापासून तुमी माझ्या दारात पाय ठेवला नाय. बोलले ते मी मागं घेत नाय, शोभलं नव्हतंच. पण घागर घेऊन तुमी वर आलात तेव्हा मी हातातली अक्षतांची वाटी सांडली होती, हे मी त्या चार बायकांना सांगितलं नाय, तुमाला सांगते. सोमवारी सकाळी निघा. काळी विजार तुमच्या मापाची आणून ठेवलीय, अंदाजानं मोठीच घेतली.

ता. क. तिसरं. मी स्वतः अजून दुसऱ्या पायरीच्या खाली उतरले नाय. बायकांना वाटतं की मी देखरेख करते, आणि तसंच वाटू द्या. पदूला कळलं तर भाजीबरोबर विकेल. सोमवारी सगळ्या गेल्या की तुमी थोडं थांबा. मला पाठीवर आडवी करा, पाठीखाली हात धरा, आणि हात काढाल तेव्हा मला सांगू नका.