ताईसाठी कुत्र्याचं स्थळ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागची खोली रंगवून झाली. हिने फिकट पिवळा निवडला. मला पांढरा हवा होता, पण या घरात माझं कोण ऐकतं. तुझं कामाचं टेबल खिडकीपाशी बसेल, मी मापं घेतली आहेत. परवा फोनवर मी दुकान आवरायचं का म्हणून विचारलं आणि तू लगेच हो, आवरते म्हणालीस, तेव्हा माझा कानांवर विश्वासच बसेना. वर्षभर मी विषय काढला की तू भलतंच काहीतरी बोलायचीस.

हे फार बरं झालं, ताई. भाऊजी गेल्यापासून तू त्या घड्याळांच्या दुकानात आणि मागच्या दोन खोल्यांत एकटी. शेजारच्या शिवणवालीने मला कळवलं, की दुधाचं पातेलं जळून धूर गल्लीत आला, ती दार बडवत राहिली आणि तू आत निवांत स्क्रू पिळत होतीस. तुझी तंद्री मला ठाऊक आहे, पण अशाने एक दिवस घर पेटेल. महिनाअखेरीस टेम्पो घेऊन येतो. मोठी घड्याळं मी स्वतः बांधेन.

येताना फक्त लोभ बरोबर आण, बाकीचं सामान मी आणतो.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी त्या टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग. तू दुकान आवरायचं का असं विचारलंस, आणि मी समजले, आवरलंस का असं विचारतोयस. सकाळपासून खोकी उपसत होते, म्हणून म्हटलं, हो, आवरते. म्हणजे झाडून, पुसून, जिथलं तिथे. तू त्यातून माझा गाशाच गुंडाळलास. एका शब्दावर खोली रंगवणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं, पण मी येणार नाही. यापुढे फोन करू नकोस, काय ते पत्रात लिही, म्हणजे असे घोटाळे होणार नाहीत.

भावजयीला सांग, रंग तिने निवडलाय म्हणजे छानच असणार. तिचं मन दुखवायचं माझ्या मनात नाही.

पातेल्याचं मात्र खरं आहे. त्यावर मी उपाय काढलाय. मी कुत्रा पाळणार आहे. तू उभा जन्म लोकांच्या कुत्र्यांच्या जबड्यात हात घालण्यात घालवलास, तेव्हा मला कोणती जात झेपेल ते तूच सांग. माझं राहणं तुला माहीत आहे. दिवसभर टेबलावर मान खाली, संध्याकाळी बाजाराच्या टोकापर्यंत एक फेरी. जागा बेताची, गिऱ्हाइकांची ये-जा. समोर घड्याळाची उघडी चाकं आणि मुंगीएवढे स्क्रू. तिथे कुणी शिंकलं तरी मी डोळे वटारते. अशा घरात कोण नांदेल ते बघ.

मी इथेच राहणार, हे गृहीत धरून उत्तर लिही. चिडले असले तरी आशीर्वाद परत घेत नाही.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. आधी हिरमुसली, मग मला वेड्यात काढून हसत सुटली. बरं, तू ठरवूनच बसली असशील तर तुला हलवणं माझ्या हातचं नाही, हे मी लहानपणापासून जाणतो.

पण कुत्रा नीट निवडायचा. माझ्या दवाखान्यात रोज हेच. पिल्लू दिसायला गोड म्हणून घेतात. मैलोन् मैल पळणारी जात दोन खोल्यांत कोंडतात, मग त्याने गादी फाडली की कुत्रा वाईट. मी सगळ्यांना सांगून थकलो, की आधी आपलं राहणं बघा, मग जात, आणि रूप सगळ्यात शेवटी. आणि कुत्रा आल्यावर तो तुला खरंच सांभाळतो का, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहणार. नाही सांभाळलं, तर पिवळी खोली आहे. मग हट्ट चालणार नाही. कबूल असेल तर पुढे वाच.

तीन स्थळं काढली आहेत. पहिलं लॅब्रेडॉर. मनाने सोनं, कुणाशीही पटतं, फक्त खाण्यापुढे त्याला काही सुचत नाही. दुसरं टेरियर, माझं आवडतं. आटोपशीर, हुशार, दाराशी पाऊल वाजलं तरी भुंकून गल्ली डोक्यावर घेईल. तुझ्या तंद्रीवर दुसरा उतारा नाही. तिसरं पूडल, मधल्या चणीचं. केस जवळजवळ गळत नाहीत आणि शिकवाल ते शिकतं, पण त्याला बघून तू हसशील.

पसंती कळव. नकार दिलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अट कबूल. स्थळं मात्र एकही पसंत नाही.

लॅब्रेडॉर मी अनुभवलाय. शिवणवालीचा पाहुणा घेऊन आला होता. मला बघून तो इतका खूश झाला, की शेपटीच्या एका फटक्यात टेबलावर उघडून ठेवलेलं अख्खं घड्याळ जमिनीवर. स्क्रू लोहचुंबकाने वेचले, पण पितळेच्या चाकांना चुंबक काय करणार, ती मी रांगत शोधली. वर त्याचे केस घड्याळाच्या तेलात.

तुझं ते टेरियर तुलाच लखलाभ. भुंकून माझं काय भलं होणार आहे? बसल्या जागेवरून ओरडणारी माणसं काय कमी आहेत? मला उठून जवळ येणारा हवा. हाताला नाक लावेल, बाही ओढेल, असा. आणि पूडल तर विसरच. डोक्यावर गोंडा, पायांत गोंडे. गिऱ्हाइकं घड्याळ बाजूला ठेवून त्याच्या न्हाव्याचा पत्ता विचारतील.

इकडे शाळेचं जुनं उंच घड्याळ माझ्याकडे आलंय. त्यापुढे दोघा कारागिरांनी हात टेकले होते. मी पेटीवर बोट ठेवून चाल पाहिली, लंगडतंय. पण मी त्याला सरळ करणारच.

दुसरी स्थळं पाठव. तोवर भावजयीला आणि तुला, भांडणाचा भाग वगळून, पुष्कळ माया.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. फोन करू नकोस म्हणतेस. भुंकणारा नको म्हणतेस. शिवणवालीने दार बडवलं ते तुला कळलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घड्याळाची चाल तू बोट ठेवून पाहिलीस. माझी ताई घड्याळाला कान लावते. मी लहान होतो तेव्हा तू मलाही कान लावायला लावायचीस.

ताई, तुला ऐकू येत नाही. आवरते म्हणालीस तो घोटाळाही शब्दाचा नव्हताच. मी काय विचारलं ते तुला नीट ऐकूच आलं नाही.

मला तुझा राग आलाय आणि भीतीही वाटते आहे. काय असेल ते स्पष्ट लिही. आज शेवटी काय लिहावं ते सुचत नाही.

तुझा धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हो. डावा कान गेला आणि उजवा जायला निघालाय. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी यंत्र दिलंय, ते बाजारात थोडंफार कामाला येतं. दुकानात लावलं की भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम अंगावर येतात, म्हणून डबीत ठेवते.

कुणाला सांगितलं नाही, कारण घड्याळवालीचा कान गेला म्हटल्यावर तिच्याकडे घड्याळ कोण देईल? आणि तुला सांगितलं असतं तर तू टेम्पो घेऊन आला असतास. आता शाळेच्या घड्याळाचं ऐक. ते चालायला लागलं. कानाला जे कळायचं ते बोटांना कळतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि मान दुखते. काम माझ्या हातातून गेलेलं नाही. तू प्रेमाने खोली रंगवलीस, पण मला खरी भीती कशाची वाटते ते सांगते. त्या खोलीत हातावर हात ठेवून बसायचं आणि सगळ्यांच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत कसंनुसं हसत राहायचं. तसं जगणं मला नको. मी काम करणार, इथेच करणार.

तू लिहिलंस, आधी आपलं राहणं बघा. मी तुला माझं राहणं खोटंच सांगितलं होतं, मग तू तरी काय जात सुचवणार? आता खरं लिहिते. बाई बहिरी आहे, एकटी आहे, हट्टी आहे आणि तिचं टेबल नाजूक आहे. दारावर कुणी आलं, चुलीवर काही उतू गेलं, तर तिला शिवून सांगणारा हवा. आता बघ स्थळ.

आणि राग लवकर गिळ, तुझ्या पित्ताला तो सोसत नाही.

तुझी ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग गिळला. पित्त झालंच.

आता विचार करायला जागाच राहिली नाही. पूडल. केस तेलात पडणार नाहीत. मधल्या चणीचा आहे, त्यामुळे शेपटी टेबलाच्या खालीच राहील. तुझ्या पायाशी तासन् तास बसेल आणि संध्याकाळच्या फेरीवर खूश असेल. गोंडे त्याला जन्मतः येत नाहीत, माणसं कापतात. तू सगळीकडून बारीक काप. इथे कुत्र्यांना शिकवणारी एक बाई आहे. घंटा वाजली, धूर झाला की मालकाला पंजा लावायचा, एवढंच ती शिकवते. तिच्याकडे एक तयार होतोय. तुलाही तिच्यापाशी बसून शिकावं लागेल.

माझी अट मात्र तशीच आहे. एक दिवस मी न सांगता येईन आणि दारावरची घंटा दाबेन. दार उघडलं, तर खोलीचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही उघडलं, तर तू मुकाट्याने टेम्पोत बसायचंस.

कठोर वाटलो तर वाटू दे, लोभात उणं पडू देणार नाही.

तुझा धाकटा


१० जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घरात आलाय. नाव ठोका ठेवलंय. बारीक कापल्यावर अगदी सरळमार्गी दिसतो, आणि न्हाव्याचा पत्ता कुणी विचारत नाही. आधी तो मला जिने चढणाऱ्या पावलांचंही सांगायचा. दर घटकेला पंजा, मी वैतागून गेले. मग शिकवणाऱ्या बाईने समजावलं, की मी कशालाही शाबासकी देत होते, चूक माझी. आता फक्त घंटा, धूर आणि दूध. दुधाच्या वेळी पंजा लावून तो स्वयंपाकघराकडे पुढे पळतो. परवा पातेलं वाचलं.

दुकानाच्या दारावर मी पाटी लावली आहे. घड्याळवालीला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची समोर येऊन बोलतात.

तू ये. घंटा जोरात दाब. जेवूनच जायचंस, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी ताई


२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी पोचलो. जेवण अजून पोटात आहे. तू दोनदा विचारलंस डोळ्यांत काय गेलं म्हणून, आणि मी धूळ म्हणालो. धूळ नव्हती. तुला दिसलं नाही ते सांगतो.

मी घंटा दाबली आणि बाजूच्या काचेतून आत बघत उभा राहिलो. खरं सांगतो, दार उघडू नये असं मला क्षणभर वाटलं. तू आमच्याकडे येशील, हे मनात इतकं पक्कं करून बसलो होतो. डोळ्याला भिंग लावून तू वाकलेली होतीस. ठोका उठला, भुंकला नाही, तुझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून थांबला. तू मान वर केली नाहीस. चिमटा खाली ठेवलास, उघड्या चाकांवर काचेचं झाकण घातलंस, त्याच्या डोक्यावर हात ठेवलास आणि मग उठलीस. तुझी काहीच तारांबळ नव्हती. एवढं निवांत दार तर माझ्या घरातही कुणी उघडत नाही.

मी हरलो. मागची खोली आवरायला घेतली आहे. हे आवरणं माझ्या अर्थाचं. तुझ्या टेबलाची जागा हिच्या कपाटाला जाईल.

हरलेल्या भावावर थोडा जास्त लोभ असू दे.

तुझा धाकटा


२६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कपाट आत नेलं असशील तर बाहेर काढ. दिवाळखोर झाल्यासारखी खोली आवरू नकोस, माझ्यासारखी आवर. झाडून, पुसून, जिथलं तिथे. खिडकीपाशी एक चटई टाक, ती ठोक्याला.

पुढच्या महिन्यात दुकान आठवडाभर बंद ठेवणार आहे. आम्ही दोघं येतोय, पाहुणे म्हणून. पिवळा रंग मला बघायचाय. दारावरची घंटा मी दाबेन, आणि तू किती लवकर उघडतोस ते मी काचेतून बघणार आहे.

तोवर दोघांना माझी माया, आणि ठोक्याचा एक पंजा.

तुझी ताई