बंद इंजिनाची उतरण

शेणवा, ता. शहापूर
फेब्रुवारी २००२

प्रिय अक्षय,

तुझ्या हॉस्टेलचा वॉचमन आता माझा आवाज ओळखतो. मी काही विचारायच्या आधीच सांगतो, मॅडम, रूमला कुलूप आहे. फोनवर तू येणार नाहीस हे मला कळलं, म्हणून लिहायला बसले. सुरेंद्रमामा शनिवारी पुण्याला येतोय. हे पत्र तो तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत तिथून हलणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

धर्माची केस सोमवारी शहापूरच्या कोर्टात उभी राहते आहे. निष्काळजीपणे संघटनेची गाडी चालवून आपल्या सुईणीच्या, हिराबाईच्या मृत्यूला कारण झाला, असा आरोप. न्यायाधीश साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का, आणि धर्मा हो म्हणणार आहे. वकिलांनी समजावलं, गिरजाने नवऱ्याचे पाय धरले, मी तर सगळं करून पाहिलं. तुला माहीत आहे, मी उभी राहिले की हजार माणसं ऐकतात. रस्त्यासाठी, रेशनसाठी, वनजमिनीसाठी मी ज्यांच्यापुढे बोलले ते साहेबलोक खुर्चीत चुळबुळायचे. आणि हा एक माणूस, माझ्या अंगणात उकिडवा बसलेला, माझं तासभर ऐकून घेतो आणि म्हणतो, "ताई, तुमी बोलता ते समदं खरं. पन चूक माझीच."

गाडी आली तो दिवस तुला आठवत असेल. तू दहावीत होतास. मुंबईच्या डॉक्टरबाई देश सोडून मुलीकडे चालल्या होत्या, जाताना वडिलांची जुनी गाडी संघटनेला देऊन गेल्या. परदेशी बनावटीची, सायीच्या रंगाची, आत लाकडी पट्ट्या, चामड्याच्या सीटा. सगळी वाडी बघायला जमली होती. आपल्यातले काहीजण कुरकुरले होते, गरिबांच्या संघटनेला असली शेठजींची गाडी शोभते का म्हणून. मी त्यांना मागचं दार उघडून दाखवलं होतं. मागच्या सीटवर बाळंतीण पाय पसरून आडवी झोपू शकत होती. तोवर आपण बायांना झोळीत घालून डोंगरावरून सडकेपर्यंत आणत होतो आणि सडकेवर जीपची वाट बघत होतो. काहीजणी वाट बघतच गेल्या. मी म्हणाले होते, शेठजींच्या पाठीला जी सीट मऊ लागत होती ती आता आमच्या लेकीबाळींच्या पाठीला मऊ लागेल, यात अशोभनीय काय आहे ते मला सांगा. मग कुणी बोललं नाही.

बोलायला लावलं ते पेट्रोलने. गाडीच्या कागदांत लिहिलं होतं, लिटरला दहा किलोमीटर. ते कुठल्या देशातल्या कसल्या रस्त्यावर मोजलं होतं देव जाणे. शेणव्याहून डोळखांबकडे, किन्हवलीवरून मुरबाडला, खडीवरून, खड्ड्यांतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती पाच देताना रडायची. रोज थंड इंजिन सुरू करायचं, जवळच्याच वाडीवर जायचं, बाई तयार होईपर्यंत थांबायचं, परत यायचं. असल्या फेऱ्यांना ती सगळ्यात जास्त प्यायची. हिराबाई पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा धर्माला म्हणाली होती, "काय रं, हिच्यापरीस म्हैस बरी. खाते तेवढं, पन दूध तरी देते." तेव्हापासून वाडीवर गाडीचं नाव म्हैसच पडलं.

म्हशीला चारा कुठून आणायचा यावर तोडगा काढला तोही हिराबाईनेच. लग्नसराईत गावोगावचे लोक नवरदेवासाठी मोठी गाडी शोधत असतात, त्यांना ही द्यायची. भाडं घ्यायचं नाही, फक्त निघताना टाकी काठोकाठ भरून द्यायची. पंचक्रोशीत तसा रिवाजच पडला. उन्हाळ्यात आपली म्हैस फुलांनी मढून नवरदेव मिरवायची आणि उरलेल्या पेट्रोलवर, परसात पिंपात साठवलेल्या पेट्रोलवर, पावसाळ्यात बाळंतिणी आणायची. तूच पहिल्यांदा लक्षात आणून दिलंस की वरातीत बेंजोच्या मागे पावलापावलाने सरकताना जेवढं पेट्रोल जळतं तेवढ्यात मुरबाडची फेरी होते. मग धर्मा वरातीत इंजिन बंद करायचा आणि नवऱ्याचे मित्र गाडी ढकलायचे. मुरबाडकडच्या एका लग्नात नवरी म्हणे रुसली होती, गाडी ढकलस्टार्ट आहे की काय म्हणून. किती हसलो होतो आपण.

इंजिनिअरिंगला गेल्यापासून तुझा त्यात जीवच गुंतला होता. सुटीत आलास की टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी फिरवायची, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि खरा हिशेब काढायचा. टायरमध्ये हवा नीट भरायला लावलीस, कार्बुरेटर साफ केलास, डिकीतलं नको ते सामान काढून टाकलंस. मी सभेत सांगायचे, लिटरला किती जाते हा प्रश्न शेठजी विचारत नाही, कारण त्याला कुठेही पोचण्याची घाई असली तरी कुणाचा जीव पोचवायचा नसतो. आपल्याकडे एक किलोमीटर वाढला तर एक वाडी वाढते. लोक टाळ्या वाजवायचे, पण माझी नजर तुझ्यावर असायची. मला वाटायचं, मी आयुष्यभर जे ओरडून मागितलं ते हा पोरगा न बोलता करून दाखवतो आहे.

आणि मग गेल्या वर्षीची उन्हाळ्याची सुटी. आपल्या अंगणात तू, धर्मा, हिराबाई आणि मी. तू धर्माला सांगत होतास की ट्रकवर असताना उतारावर इंजिन बंद करून सोडायचास ना, मग हिच्यावर का नाही करत? धर्मा म्हणाला, एवढी भारी गाडी, काय बिघडलं तर. तू हसलास. म्हणालास, "अरे काका, उतारावर ती आपल्याच वजनाने जाते. फुकट मिळतंय तिथे पेट्रोल कशाला जाळायचं?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शेजारी बसून वेताळाच्या उतरणीवर त्याच्याकडून करून घेतलंस. लिटरला दीड किलोमीटर जास्त पडला. संध्याकाळी आपण भजी तळली. मीही शाबासकी दिली होती तुला, ती मी विसरलेले नाही आणि लपवणारही नाही.

श्रावणात येसूला कळा सुरू झाल्या. धर्मा आणि हिराबाई तिला मुरबाडच्या दवाखान्यात सोडून आले. येसू सुखरूप आहे, मुलगी झाली, आता रांगते. परतताना पिंपातलं पेट्रोल संपत आलं होतं, लग्नं अजून लांब होती, म्हणून धर्माने वेताळाच्या उतरणीला इंजिन बंद करायला किल्ली फिरवली. तू शिकवलं होतंस तशीच. वरच्या वळणावर एकदा ब्रेक लागला, मधल्या वळणावर लागला. खाली रस्त्यात गुरं बसली होती. तिसऱ्यांदा दाबला तर पायाखाली दगड. स्टिअरिंगही हलेना. हिराबाईच्या बाजूने गाडी ऐनाच्या झाडावर गेली. तिने आपल्या तीन वाड्यांतली अर्धी पोरं हातावर घेतली होती, आणि तिला दवाखान्यापर्यंत न्यायलाही वेळ मिळाला नाही, ती जागीच गेली.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. गाडीच्या तपासणीला आरटीओचे साहेब आले. त्यांनी इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. ब्रेक उत्तम. तसं लिहून गेले. त्यांची चूक म्हणता येत नाही, ब्रेक खरंच उत्तम होता. पण ब्रेक उत्तम म्हटल्यावर, ब्रेक दाबला तरी गाडी थांबली नाही हे धर्माचं सांगणं खोटं ठरलं. किन्हवलीच्या स्टँडवर चहा पिताना लोक बोलायला लागले, प्यायला असेल, ही वाडीवरची माणसं ती, त्यांना कसली शुद्ध. ज्याने हातभट्टीविरुद्ध माझ्याबरोबर मार खाल्ला त्या माणसाबद्दल हे बोलतात, अक्षय. गिरजा पाणी भरायला गेली की बाया गप्प होतात. मी स्टँडवर बाकावर उभी राहून बोलले. सगळे मान खाली घालून ऐकत राहिले. मी उतरल्यावर मागून एकजण म्हणाला, "ताई बोलतात झ्याक. पन ब्रेक तर चांगला होता ना?"

इंजिन बंद होतं हे धर्माने कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, उतारावर इंजिन बंद करायला कुणी शिकवलं. मला एकटीला त्याने सांगितलं आणि वर म्हणाला, "पोराचं नाव मी नाय घेनार. त्याचं शिक्षन व्हायचं हाय." तुझे बाबा गेल्यानंतर ज्याने तुला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं, कापणी झालेल्या शेतात मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं, तो हे बोलला. मला तोंड वर करवेना.

आता, जे मला माहीत नाही असं तुला वाटतं, ते सांगते. अपघातानंतर तू आलास आणि पोलीस ठाण्याच्या आवारात ठेवलेली गाडी बघायला गेलास. मी कुंपणाजवळ होते. तू आत बसलास. इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबलास, एकदा, दोनदा, मग तुझा पाय अडला. तू किल्ली फिरवलीस, इंजिन सुरू झालं आणि तुझा पाय आपोआप खाली गेला. तू तसाच बसून राहिलास. मग बाहेर आलास. एवढंच म्हणालास, आई, मी निघतो. पुढच्या गाडीने गेलास आणि त्यानंतर आला नाहीस, दिवाळीलाही नाही. तू गेल्यावर मी तिथल्या हवालदाराला विनवलं आणि त्याच सीटवर बसून तू केलंस तेच करून पाहिलं. मी यंत्रातली नाही, पण एवढं मला कळलं. त्या गाडीच्या ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो. इंजिन बंद केलं की उरलेला जोर दोनदा पुरतो आणि मग माणसाच्या पायाने ती थांबत नाही. कुणाच्याच पायाने नाही. तुला ते अंगणात माहीत नव्हतं, हे मी जाणते. अपघाताच्या आठवडाभरात माहीत झालं होतं, हेही जाणते.

कोर्टाचं मी सोसलं असतं. वकील म्हणतात, खरं सांगितलं तरी तो सुटेलच असं नाही, इंजिन बंद करणं हीसुद्धा चूकच. पण तुला धर्मा दिसत नाही, मला रोज दिसतो. तो ओट्यावर बसतो आणि समोरच्या दगडाला उजवा पाय लावून दाबतो. दाबतच राहतो. गिरजा पाय ओढून घेते, हा पुन्हा लावतो. येईल त्याला विचारतो, बघ रं, जोर हाय ना पायात? अंगठ्याचं नख काळं पडून गेलं आहे. त्याला खरंच वाटतं की त्या दिवशी आपला पाय कमी पडला, आपण अजून थोडं दाबलं असतं तर हिराबाई वाचली असती. मी त्याला सगळं समजावलं, इंजिन, ब्रेक, जोर, सगळं. त्याने माझ्याकडे मायेने बघितलं आणि म्हणाला, "ताई, मला बरं वाटावं म्हनून बोलता तुमी. तुमाला गाडीतलं काय कळतं?" बरोबर आहे त्याचं. मला भाषण कळतं. तो आता एकाच माणसाचं ऐकेल.

म्हणून लिहिलं, बाळा. रविवारी ये. कोर्टासाठी नाही, आधी त्याच्यासाठी ये. त्याच्या ओट्यावर बस, त्याचा तो पाय हातात घे आणि सांग की काका, तुझ्या पायात जोर होता. तू ते सांगशील तेव्हा बाकीचं तुझ्या तोंडून आपोआप येईल, मला ठाऊक आहे, मी तुला वाढवलं आहे. त्यानंतर सोमवारी साहेबांपुढे काय बोलायचं ते तू ठरव, मी शेजारी उभी असेन आणि जी शिक्षा व्हायची ती आपण मिळून सोसू. पण तू आला नाहीस, तर मी वकिलांना सांगून ठेवलं आहे की धर्माने कबुली देण्याआधी मला उभं करा. कोर्ट ऐकेल न ऐकेल, मी बोलेन. अंगणात काय ठरलं, कुणी शिकवलं, कुणी शाबासकी दिली आणि नंतर कुणाला काय कळलं, सगळं, तुझं नाव घेऊन. आजवर मी ज्यांच्याविरुद्ध बोलले त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. या वेळी बोलून झाल्यावर मला घरी यायचं आहे, आणि त्या घरात तुझे कपडे अजून दांडीवर आहेत. माझ्यावर ही वेळ आणू नकोस रे. ये.

तुझीच,
आई