गुरुवारचा कागद

११ सप्टेंबर, गुरुवार

कागद आजही सही न करताच परत पाठवला! ‘पाल्याला ओढ्याकाठच्या तासाला पाठवण्यास माझी हरकत नाही.’ — आहे, माझी हरकत आहे! शाळेतल्या बाईंचं काय जातंय? मुलं चिखलात उतरणार, दगड उलटे करून किडे बघणार, दोरीने झाडाचा घेर मोजणार. पुस्तकात चित्र आहे की घेराचं!

दवाखान्यात आज सात मुलं. मनगट, मनगट, कोपर, नडगी... दिवसभर एक्स-रे काढते मी. झाडावरून पडला, कठड्यावरून पडली — कारणं तोंडपाठ झालीत. प्लेटवर हात ठेवला की किंचाळतात आणि मी आपली “हलू नकोस राजा, हलू नकोस.” हे रोज बघून एकुलत्या एकीला कशी पाठवू?

सासूबाई म्हणाल्या, “माझ्या लेकाला मी दावणीला नव्हतं बांधलं. वाढलाच ना धड?” लेक गालातल्या गालात हसला. हसा!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल सगळा वर्ग ओढ्यावर आणि ही एकटी शिपाई मावशींपाशी खडू निवडत बसलेली. “पांढरे वेगळे केले, आई.” कपडे अगदी स्वच्छ. बरं वाटलं मला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

जेवताना विचारते — “आई, चिखल गार असतो की गरम?”

आठ वर्षांची पोर! सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “गार,” म्हटलं. वर जोडलंच — “पण त्यात पाय नाही घालायचा. घसरून पडलीस म्हणजे?” माझी जीभ काही गप्प बसत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाई दवाखान्यात आल्या होत्या. पेशंटच्या रांगेत उभ्या! “मुलं परत आली की ती प्रत्येकाला विचारत फिरते हो — काय दिसलं, हाताला कसं लागलं. एकदा तरी येऊ द्या.”

“मोडलं तर तुम्ही जोडणार का?” — फार तुसड्यासारखी बोलले.

त्या चिडल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “तुमच्याकडे पडलेलीच मुलं येतात. न पडलेली कशाला येतील?” दिवसभर डोक्यात तेच.

२७ सप्टेंबर, शनिवार

पडली.

ओढ्यात नाही, झाडावरून नाही. घरात! उंबरठ्याला पाय अडकून.

एक्स-रे मीच काढला. पहिला वाकडा आला. माझा! पंधरा वर्षं हेच करतेय. मनगट मोडलंय.

डॉक्टर फोटोकडे बघत म्हणाले, “सगळा भार एका ताठ हातावर घेतला हिने. उनाड पोरं पडताना अंग सोडून देतात, लोळण घेतात. हिला पडताच येत नाही. खेळत नाही का बाहेर?”

मी प्लेट पुसत राहिले. पुसलेलीच पुन्हा.

२८ सप्टेंबर, रविवार

ही माझीच करणी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, आता सगळं करू दे. पण ती जिना उतरताना कठडा सोडत नाही. उंबरठा आला की थांबते, खाली बघते, मग पाय उचलते. सासूबाई बागेत नेत होत्या, तर दारातूनच परत आली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सही केली! ठळक, पूर्ण नावानिशी. जुने बूट काढून ठेवले, जादा फ्रॉक, टॉवेल. “चिखल गार की गरम ते उद्या तूच मला सांग,” म्हटलं. तिने पांघरूण ओढून घेतलं. झोप असेल डोळ्यांवर.

“सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!” — सासूबाई. नवऱ्याने कागदावरची सही दोनदा वाचली. आज खूप दिवसांनी हसले मी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बूट कोरडे. टॉवेलची घडी तशीच. कागद दप्तरातच.

“बाईंना दिलाच नाही, आई. मी खडू निवडले.”

“का गं?”

लहान मुलाला समजवावं तसं मला म्हणाली —

“घसरून पडले म्हणजे?”