धाकटीचा आवाज कोणाच्या नावावर

मी, खाली सही करणारी, शिक्षण चौथीपर्यंत, जुने कॉम्प्युटर उघडून जोडायच्या नादापायी गल्लीत 'पेचकसबाई' झालेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. त्यांचं काय जातंय म्हणायला!

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. दादाला वडिलांचं दुकान कधीच मिळालंय. त्याने इकडे बघूसुद्धा नये.

२. कपाटातले जुने मदरबोर्ड, रॅम, वायरी भंगारवाल्याला द्याव्यात. तो माझ्यासाठी चांगला माल बाजूला काढून ठेवायचा. खिडकीजवळचा कॉम्प्युटर मात्र जागचा हलवायचा नाही. पंखा घरघरतो म्हणून कोणी शहाणपणा करून तो मोडीत काढू नये. वीस वर्षांचा झाला तरी चालतोय ना?

३. त्याच्यात धाकटीचा आवाज आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये तो जाणार हे कळल्यावर मी तिला समोर बसवून शब्दामागून शब्द रेकॉर्ड करून घेतले. तेव्हा दादा म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप? ती काय भाषणं ठोकणार आहे?" हे मी विसरलेले नाही. आता ती टाइप करते आणि कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलतो. हा बोलायचा प्रोग्राम मुळात कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी लिहून खुला ठेवलेला. त्यांची अट एकच: वापरा, बदला, पण बदललेला पुढे दिलात तर तोही असाच खुला द्या. मी केलेले बदल मागेल त्याला त्याच अटीवर द्यावेत. त्याला कुलूप लावणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. वकील म्हणतात, हे कायद्यात बसत नाही. न बसू दे.

४. इथे आधी लिहिलं होतं, "दादाने आणलेल्या कंपनीला धाकटीचा आवाज कदापि देऊ नये." कंपनी तिला बरोबर नेता येईल असं बोलकं यंत्र देणार, बदल्यात तिचा आवाज कायमचा कंपनीच्या मालकीचा. माझं डोकंच फिरलं. धाकटीने कलम वाचलं आणि टाइप केलं, "ताई, मला भाजीवालीशी बोलायचंय. हे धूड डोक्यावर घेऊन जाऊ?"

"मोबाइलवर बसवून देते म्हटलं ना!"

"कधीपासून म्हणतेयस."

"अगं, उद्या तुझ्या आवाजात साबण विकतील ते!"

"आवाज कोणाचा आहे, ताई?"

कलम खोडलं आहे, खाडाखोडीवर सही केली आहे. आवाज तिचा. द्यायचा की नाही ते तीच ठरवेल. माझं मत अजून तेच आहे, पण ते माझ्याबरोबर जाईल. कंपनीचा कागद वकिलांनी तिला शेवटच्या ओळीपर्यंत समजावून सांगावा, दादाने नव्हे. आणि काहीही ठरलं तरी आवाजाची एक प्रत तिच्यापाशी राहिलीच पाहिजे.

५. दादासाठी एवढंच. ती सावकाश टाइप करते. तिचं वाक्य संपेपर्यंत समोर बसून राहायचं. मधेच "कळलं, कळलं" करत उठायचं नाही.

हे सगळं मी पुन्हा वाचलं, मान्य आहे, म्हणून दोघांसमोर सही करते.

सही: पेचकसबाई

साक्षीदार: १. शेजारची नर्स (सही) २. कोपऱ्यावरचा शिंपी (सही)

स्थळ: राहतं घर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५