लिंबाखालचा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. शिरूर.

थकले आज. जेवायचीही इच्छा नाही, आणि तो लिंब डोक्यातून जात नाही.

निमोण्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता चांगला चार किलोमीटर, पण आमच्या रस्ते-सर्वेक्षणाच्या ॲपमध्ये एका रस्त्याला जागेचा एकच ठिपका टाकता येतो, आणि पाहणीही त्याच जागी होते. तो मध्यावर उभं राहून घ्यायचा. मध्यावर रेंज नव्हती, म्हणून मी गावाजवळच्या लिंबाखाली, रेंज आली तिथं, बटण दाबलं. सगळेच असं करतात. मग मीच काय वेगळं केलं?

दुपारी वस्तीवरच्या आबांचा फोन आला, तोही लिंबाखाली येऊन केलेला. "ताई, पाहणीचे साहेब आले, हितंच फोटो काढला आन् माघारी गेले. रस्ता चांगला हाय म्हणले."

लिंबापाशी चांगलाच आहे. पुढं नुसते खड्डे. रांजणगावच्या कंपनीची बस आत जात नाही, म्हणून तिथं कामाला जाणारी आबांची सून पहाटे लिंबापर्यंत चालत येते.

"आमच्याकडं रेंज न्हाई, म्हून रस्ता बी करायचा न्हाई व्हय?" आबांनी शांतपणे विचारलं.

"बघते आबा," म्हणाले मी. ॲपमधला फॉर्म कालच लॉक झालाय, आता ठिपका हलवता येत नाही, हे काही तोंडातून निघालं नाही.