आवाजाचे वाटे

१२ डिसेंबर २००४
होम थिएटर घ्यायचंच! राइस मिलच्या पगारातले अठरा हजार साठले आहेत. टीव्ही आठ, डीव्हीडी प्लेअर तीन, अ‍ॅम्प्लिफायर तीन, पाच स्पीकर आणि वूफर मिळून चार. नववीत शाळा सुटली तरी माझी बेरीज चुकत नाही. पण वायरीला काहीच उरत नाही!

नंदिनीला भद्रावतीला माहेरी जाऊन महिना झाला. जाताना एवढंच म्हणाली — "तुमच्या घरी जीव दडपते माझा." तिच्या भावाच्या क्वार्टरमध्ये मोठा टीव्ही आहे. इथे काय आहे? धानाचा वास आणि शांतता. ती बोलते तरी किती हळू! लग्नाला आठ महिने झाले, तिचा मोठा आवाज मी ऐकलेला नाही. स्वभावच असेल.

१५ डिसेंबर
मिलमध्ये उन्हाच्या तिरिपेत कोंडा तरंगत होता. पोतं खाली ठेवून बघत राहिलो. मागचे दोन स्पीकर खाटेच्या उशाशी लावायचे. टीव्हीत नदी दिसेल, पाणी मात्र आपल्या मागून वाहत येईल. नंदिनी दचकून वळेल — मग हसेल.

१६ डिसेंबर
टीव्ही लहान घेतला तर हजार रुपये वूफरला देता येतील. हे खाटेवर पुटपुटत होतो, तर बांबूच्या तट्टीपलीकडून आई — "वूफर कायले रे? आधी पंखा घे!"

१९ डिसेंबर
वडशाहून लच्छूभाऊ जागा बघायला आला. स्पीकरचे खोके तोच बनवतो. खोलीच्या मध्यभागी उभा राहिला, टाळी वाजवली, कान दिला.
"भाऊ, ही खोली हाय का चाळणी?"
"काऊन?"
"इकडे बांबूची तट्टी, वरतं उघडं कवेलूचं छप्पर. आवाज इथी थांबूनच नाई राह्यला! तुमचा पिक्चर सारं गाव ऐकन. पहिले भिंत घाला."
भिंतीचा वाटा मी धरलाच नव्हता!

२२ डिसेंबर
विटा, सिमेंट, मिस्त्री, दार. वूफर गेला. मागचे स्पीकर गेले. नदीचं पाणीही गेलं.

२८ डिसेंबर
भिंत उभी राहिली. आई म्हणाली — "आपल्या घरात कधी भिंत होती का?"
"आवाजासाठी हाय, आई."
"तुह्या आवाजाले मीच नडली का?"
संध्याकाळी बघतो तर तीच नव्या भिंतीवर पाणी मारत होती.

९ जानेवारी २००५
वर फळ्यांचा माळा घातला. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, सगळ्यांचे पैसे त्यात गेले. उरलेल्या पैशांत नुसता प्लेअर येईल. टीव्हीशिवाय प्लेअर! हसावं की रडावं?

दार लावून टाळी वाजवली. आवाज राहिला! कितीतरी वेळ रिकाम्या भिंतीकडे बघत बसलो. जणू पिक्चर सुरूच होता.

१० जानेवारी
एसटीडीवरून भद्रावतीला फोन केला. टीव्ही घेता आला नाही, खोली तेवढी झाली, असं सांगितलं. लाज वाटली.
नंदिनीनं विचारलं — "भिंत पक्की हाय?"
"विटांची."
"अन् दार? आतून लागते?"
"लागते."
फोन ठेवला तिनं.

१६ जानेवारी
नंदिनी आली. भरदुपारी दार लावून माझ्याशी भांडली! कडाडून, अगदी गळा मोकळा करून. मध्येच स्वतःच्याच आवाजाचं तिला हसू आलं.
काय भरदार आवाज आहे तिचा!