सुट्टीच्या दिवशीचं पाणी

दादा,

नियमावर बोट ठेवून कोणी तोंड बंद केलं, की लहानपणी आपण दोघंही पेटून उठायचो. आता तेच तू माझ्याशी केलंस.

कारखान्याला सोमवारी सुट्टी असते. तुझ्या सल्लागार कंपनीने ओढ्याच्या पाण्याचा नमुना घ्यायला मला नेमकं सोमवारीच धाडलं. पाणी स्वच्छ निघालं. "मंगळवारी पुन्हा घेऊ," म्हटलं, तर तू हसलास. "बयो, नियमात वार लिहिलाय का? अहवालात एक अक्षर खोटं नाही. कर सही."

मी केली. तो गुन्हा माझाच.

पण मंगळवारी मी ओढ्यावर गेले. पाण्याला फेस होता. वस्तीतली एक बाई म्हणाली, "अगं, प्यायचं आम्ही सोमवारीच भरून ठेवतो. गुरुवारपर्यंत पुरतं. पुढे हेच."

हे पत्र पाठवलं तर तू आधी वकील गाठशील, म्हणून पाठवत नाही. कारखान्याच्या उद्याच्या जनसुनावणीत वस्तीतल्या सगळ्यांसमोर वाचणार आहे. नोकरी जाईल, माहेर तुटेल, तुटू दे. माझं वाचून झालं, की तू ऊठ आणि सोमवारच का निवडलास, ते त्या बाईकडे बघून सांग.

अहवालावर सही करणारी,
तुझी धाकटी